चढणीवरची सतरा बाकडी

लिफ्टमामांनी चौतीस वर्षं माणसं वर नेली आणि खाली आणली, पण त्यासाठी त्यांना कधी एक पायरीसुद्धा चढावी लागली नाही. आठ मजल्यांची कचेऱ्यांची इमारत, तिच्यात जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट, लिफ्टमध्ये एक उंच स्टूल आणि स्टुलावर मामा. सकाळी नऊला टेकायचे ते संध्याकाळी सहाला उठायचे. पायांच्या आवाजावरून माणूस कुठल्या मजल्याचा ते ओळखायचे. टाचा खाडखाड वाजवत आला तर तिसरा, तिथे वकील बसत. पाय ओढत आला तर सहावा, तिथे विम्याचं ऑफिस होतं. आणि आवाजच आला नाही तर आठवा, कारण मोठ्या साहेबांचे बूट रबरी तळव्याचे असत. मला दर दहा मिनिटांनी बढती मिळते आणि दर दहा मिनिटांनी मी परत तळमजल्यावर येतो, हा त्यांचा स्वतःचा विनोद. चौतीस वर्षांत तो त्यांनी किती जणांना ऐकवला असेल याची गणती नाही, आणि दर वेळी आधी हसायचे ते स्वतःच.

अशा माणसाचं घर कुठे असावं? तर शहरातल्या सगळ्यांत उभ्या चढणीच्या टोकाला. खालच्या बाजाररस्त्यापासून मामांच्या दारापर्यंत एकशे छत्तीस पायऱ्या, आणि त्याही एका मापाच्या असत्या तरी सोसलं असतं. सात पायऱ्या, मग तिरका दगडी उतार, मग नऊ पायऱ्या, मग एक वळण, पुन्हा पायऱ्या, असला तो कारभार. बांधणाऱ्या गवंड्याला मध्येमध्ये डुलकी लागत असणार. एका बाजूने फरशा घातलेलं गटार, दुसऱ्या बाजूने घरांचे उंबरे. रिक्षा येत नाही, सायकल येत नाही, गॅसचं सिलिंडर येतं ते माणसाच्या खांद्यावर. ते आणताना आणणाऱ्याच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात ते चढणीवरच्या सगळ्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

टोकाच्या त्या घरात मामा आणि त्यांची बायको. तिला सगळी चढण थोरली म्हणते, कारण तळाशी, बाजाराच्या तोंडावर, तिची धाकटी बहीण राहते. चाळीस वर्षांपूर्वी धाकटीसाठी ते तळाचं घर थोरलीनेच शोधलं होतं, आणि तेव्हापासून सकाळी थोरली खाली आणि संध्याकाळी धाकटी वर, हा नेम कधी मोडला नाही. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि दोघींचं एकमेकींशी पटतही नसे. सकाळी भांडायच्या, दुपारी रुसायच्या, संध्याकाळी धाकटी वर यायची ती रुसवा काढायला म्हणूनच. मामा मध्ये पडत नसत. दार उघडायचं, दार लावायचं, कोण कुठे चाललंय ते विचारायचं नाही, हा धंद्याचा नियम त्यांनी घरीही पाळला.

मग थोरलीच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. पहिल्या वर्षी इतकंच होतं, की अर्धी चढण चढून झाली की वळणावर जरा बूड टेकावंसं वाटायचं. तिथे टेकायला काही नव्हतं. मामांनी घडीचं स्टूल नेलं, ते उताराला लागून कलंडलं आणि थोरली भाजीसकट खाली बसली. दुसऱ्या दिवशी मामांनी घरातली चांगली लाकडी खुर्ची वळणावर नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेचं अतिक्रमण पथक आलं आणि सार्वजनिक मार्गावर अनधिकृत बैठक म्हणून खुर्ची उचलून घेऊन गेलं. म्हणजे बघा, एका दिवसात. महापालिका कामं करत नाही असं म्हणणाऱ्यांची मामांना तेव्हापासून कीव येते.

खुर्ची गेली ती गेली, पण मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. पालिकेला बसायचं वावडं नाही, फक्त परवानगीशिवाय बसायचं वावडं आहे. मग पालिकेनेच तिथे एक बाकडं बसवावं. साधी गोष्ट. त्यांनी कागद घेतला, वळणदार अक्षरात अर्ज लिहिला आणि नागरिक सुविधा केंद्राच्या चार नंबरच्या खिडकीवर नेऊन दिला. खिडकीत एक ताई बसायच्या. त्यांनी अर्ज वाचला, नंबर पाडला, शिक्का मारला आणि म्हणाल्या की पंधरा दिवसांत कळेल. मामा शीळ घालत घरी आले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मामांना माहीत होतं. पण उत्तर खरंच पंधरा दिवसांत आलं. उद्यान विभागाने कळवलं होतं, की बाकडी बागेत बसवली जातात आणि सदर चढण ही बाग नाही. मामांना हे पटलं. त्यांनी रस्ते विभागाला लिहिलं. रस्ते विभागाने कळवलं, की रस्ता म्हणजे ज्यावरून वाहन जातं तो, सदर ठिकाणी पायऱ्या असल्याने तो रस्ता नाही, पायऱ्या इमारत विभागाकडे येतात. मामांनी इमारत विभागाला लिहिलं. तिथून उत्तर आलं, की पायऱ्यांना छप्पर नसल्यामुळे सदर बांधकाम इमारत ठरत नाही. मामांनी तिन्ही कागद थोरलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, तर मग आपण चाळीस वर्षं चढतोय तरी कशावरून?

पण मामा चिवट. तीन मजल्यांवर काम झालं नाही तर चौथ्यावर जायचं, आणि आठव्यावरही झालं नाही तर तळमजल्यापासून पुन्हा सुरुवात करायची, हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याला तुम्ही काय दमवणार? दर तीन-चार महिन्यांनी ते चार नंबरच्या खिडकीवर हजर. खिडकीताई चांगल्या स्वभावाच्या होत्या. मामांना बघितलं की उठून खुर्ची द्यायच्या, आणि मामा त्यांना दर दहा मिनिटांच्या बढतीचा विनोद सांगायचे. जुना अर्ज कुठे अडलाय ते मात्र यंत्रात दिसायचं नाही. स्मरणपत्र द्या, म्हणायच्या. आणि यंत्राची एक खोड अशी, की नवा नंबर पाडल्याशिवाय ते स्मरणपत्र घ्यायचंच नाही. म्हणजे प्रत्येक स्मरणपत्र हा नवा कोरा अर्ज व्हायचा.

पुढे पालिका सुधारली. फोनवर संदेश यायला लागले. आपली मागणी निकाली काढण्यात आली आहे, समाधानी असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. मामा चढणीवरून खाली जाऊन वळण बघून यायचे. वळण बोडकंच. मग दोन दाबायचे. दोन दाबलं की यंत्र आपणहून आणखी एक नवा नंबर पाडायचं आणि मामांचे आभार मानायचं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे घडा दर वेळी पावती देत होता.

असं करता करता तीन वर्षं गेली. गुडघे काही पालिकेसाठी थांबले नाहीत. अर्धी चढण एका दमात चढणारी थोरली तीस पायऱ्यांवर आली, मग वीसवर, मग दहावर. त्यात भर म्हणून धाकटी न्हाणीत पाय घसरून पडली, खुबा मोडला, आणि ती चार पायांची काठी घेऊन घरात फिरायला लागली. वरची खाली येईना, खालची वर जाईना. मध्ये अंतर एकशे छत्तीस पायऱ्या, आणि आठ महिने दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. दिवसातून तीनदा फोन व्हायचा. पण फोनवर भांडण नीट होत नाही, असं थोरलीचं म्हणणं. रुसून पाठ फिरवली तर समोरच्याला दिसत नाही.

गल्लीतल्या लोकांनी सांगून पाहिलं, की चार जण मिळून तुम्हाला खुर्चीतून खाली नेतो. थोरली म्हणाली, "मला अजून खांद्यावरून जायची घाई नाही."

आणि मग एका सोमवारी धाकटीने फोनवर सांगितलं, की मुलगा येतोय. तो लांबच्या शहरात नोकरीला होता, घर मोठं होतं, तळमजल्यावर होतं. आईला एकटं ठेवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. रविवारी सकाळची गाडी. जायचं ते कायमचं. थोरली फोनवर बरं म्हणाली, जपून जा म्हणाली, औषधं वरच्या कप्प्यात ठेव म्हणाली. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी जेवणात कशातच मीठ नव्हतं. मामांनी ते न बोलता संपवलं, भांडी घासली, पुसून ठेवली आणि टोपी घालून बाहेर पडले.

चार नंबरच्या खिडकीवर त्या दिवशी वेगळीच धांदल. नवे आयुक्त आले होते आणि आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं होतं, की शुक्रवारपर्यंत एकही अर्ज प्रलंबित दिसता कामा नये. ज्या विभागाचा एक जरी अर्ज उरेल त्याच्या प्रमुखाचं नाव तळमजल्यावर मोठ्या फळ्यावर लाल अक्षरात लागणार. सगळ्या कचेरीची पाचावर धारण बसली होती. तीन वर्षं बाग, रस्ता आणि इमारत यांच्या व्याख्या करणारी मंडळी फायली काखेत मारून जिन्यावरून अक्षरशः पळत होती. मामा हा देखावा बघतच राहिले. पालिकेचा माणूस पळू शकतो हे त्यांना नवीन होतं.

खिडकीताईंनी मामांचं नाव यंत्रात घातलं आणि म्हणाल्या की तुमचे तर सतरा आहेत. मामा म्हणाले, मला एकच हवंय, पण रविवारच्या आत. आणि मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी खिडकीतून सांगितलं, थोरलीचं, धाकटीचं, रविवारच्या गाडीचं. खिडकीताईंनी ऐकून घेतलं. नाक पुसलं. मग सगळे नंबर एका कागदावर छापून त्या स्वतः उठल्या आणि उद्यान विभागात जाऊन साहेबांच्या टेबलावर तो कागद ठेवून आल्या. साहेबांनी आकडा बघितला, फळ्याकडे बघितलं आणि काही न वाचता सही केली. चढण त्या क्षणी बाग झाली.

शुक्रवारी दुपारी बाजाररस्त्यावर ट्रक येऊन थांबला. लोखंडी पायांची, लाकडी पट्ट्यांची, हिरवा रंग ताजा असलेली बाकडी. एक उतरलं. मामा वरून बघत होते, त्यांच्या डोळ्यांना धार लागली. दुसरं उतरलं. मामांना वाटलं, दुसरीकडे कुठे जायचं असेल. मग तिसरं, चौथं, पाचवं उतरलं आणि ट्रक काही रिकामा होईना. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, हे मामांनी ऐकलं होतं. देव सतरा देतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

मामा गुडघे सांभाळत खाली धावले. मुकादम हा जाडजूड, शांत माणूस होता. त्याने कागद पुढे केला. सतरा अर्ज, सतरा नंबर, सतरा बाकडी, प्रत्येकावर नंबर रंगवून फोटो पाठवायचा. मामा म्हणाले, अहो, पण जागा एकच आहे, वळणावरची. मुकादम म्हणाला की तीच तर पंचाईत आहे, फोनवरचं यंत्र एका जागेचा दुसरा फोटो घेत नाही. निदान आठ पावलं सरकावं लागतं. तेव्हा दर आठ पायऱ्यांना एक बसवू, तळापासून टोकापर्यंत, बरोबर मावतील. त्याने आधीच मोजून ठेवलं होतं.

आणि मग चढणीवर जी काही जत्रा लागली ती काय सांगावी. चार माणसं एक एक बाकडं खांद्यावर घेऊन वर चढताहेत, गटाराच्या फरशांना भोकं पडताहेत, उतारावर बाकडं सरळ राहावं म्हणून एका बाजूच्या पायांखाली सिमेंटचे ठोकळे बसताहेत, आणि प्रत्येक दारातून कुणी ना कुणी सल्ला देतंय. इस्त्रीवाला म्हणाला जरा डावीकडे घ्या, म्हणजे माझ्या खिडकीतून गप्पा मारता येतील. शिवणकाम करणाऱ्या बाई टेप घेऊनच आल्या. निवृत्त मास्तरांनी चौथं बाकडं अर्धा बोट तिरपं असल्याचं सिद्ध करून दाखवलं आणि ते खरंच पुन्हा बसवावं लागलं. मामा वरपासून खालपर्यंत आणि खालपासून वरपर्यंत येरझाऱ्या घालत होते, आणि प्रत्येक बाकड्यापाशी थांबून, हे माझं नाही हो, मी एकच मागितलं होतं, असं सांगत होते. कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. लोक त्यांचे हात हातात घेऊन दाबत होते. एवढा वशिला असलेला माणूस आपल्या गल्लीत राहतो आणि आपल्याला पत्ताच नाही, असं चाललं होतं.

संध्याकाळी सतरावं बाकडं मामांच्या दाराशी बसलं. मुकादम म्हणाला, सिमेंट ओलं आहे, उद्या दहानंतर बसा. थोरलीने नव्या चपला काढून उंबऱ्यापाशी ठेवल्या आणि धाकटीला फोन केला. काय बोलली ते मामांना ऐकू आलं नाही, पण हसण्याचा आवाज आला. मामांना रात्री झोप लागली नाही ती मात्र काळजीने. मागितलं एक, घेतली सतरा. आयुष्यात कुणाचा एक पैसा जास्त घेतला नव्हता.

दैव देतं आणि कर्म नेतं. शनिवारी सकाळी दहाला मुख्य कचेरीतून एक साहेब आले. तरुण होते, सभ्य होते, घामाघूम झाले होते आणि त्यांच्या काखेत फाइल होती. एकशे छत्तीस पायऱ्या चढून आल्यावर त्यांना बोलायला दोन मिनिटं लागली. थोरलीने आतून पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितलं, की एकाच फोन नंबरावरून एकाच कामासाठी सतरा अर्ज आल्याचं रात्री तपासणीत निघालं. नियम असा, की एका कामासाठी एकापेक्षा जास्त अर्ज आढळले तर सगळेच रद्द. बाकडी आजच्या आज काढून गोदामात जमा करायची. पहिल्या अर्जाचा नव्याने विचार होईल, तीन महिन्यांत. मुकादम मागे पाना घेऊन उभा होता, मान खाली घालून.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, साहेब, एक ठेवा, एकच. साहेब म्हणाले, काका, तेच तर करता येत नाही, ठेवलं तर कुठल्या नंबरावर ठेवलं ते लिहावं लागेल आणि सगळे नंबर रद्द आहेत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी मुकादमाला खूण केली. मुकादम दाराशी असलेल्या सतराव्या बाकड्याकडे वळला, तर त्यावर थोरली बसलेली. पायात नव्या चपला.

मुकादम म्हणाला, बाई, जरा उठता का? थोरली म्हणाली की उठणारच आहे, मला कुठे इथे बसून राहायचंय. आणि ती भिंतीला धरून उठली, आठ पायऱ्या उतरली आणि सोळाव्या बाकड्यावर जाऊन बसली. मुकादमाने सतराव्याच्या बोल्टला पाना लावला आणि वर बघतो तो शिवणकामाच्या बाई तिथे येऊन टेकलेल्या.

"त्यांची जागा धरलीय," त्या म्हणाल्या. "त्या खाली जाऊन परत येणार आहेत. तेव्हा काय पायरीवर बसतील?"

मुकादमाने साहेबांकडे बघितलं आणि सांगितलं की बसलेल्या माणसाखालून बाकडं काढायचा नियम त्याच्या खात्यात नाही. अतिक्रमणवाल्यांकडे असेल. त्यांना पत्र लिहावं लागेल.

मग चढणीवर जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. थोरली सोळाव्यावरून उठली की तिथे मास्तर बसले, वर्तमानपत्र उघडून. पंधराव्यावर इस्त्रीवाला बसला, गरम इस्त्री शेजारी ठेवून. चौदाव्यावर जुळ्यांची आई, दोन्ही मांड्यांवर एकेक. थोरली आठ पायऱ्या उतरायची, बसायची, दम घ्यायची, पदराने तोंड पुसायची, उठायची, आणि ती उठली रे उठली की मागे कुणीतरी जागा धरायचं. साहेब तिच्या मागोमाग एकेक बाकडं उतरत होते, मुकादम साहेबांच्या मागे, मुकादमाची माणसं मुकादमाच्या मागे, आणि मामा सगळ्यांच्या मागे. दुरून कुणी पाहिलं असतं तर थोरली पालिकेला फिरायला घेऊन निघालीय असंच वाटलं असतं. लोक भिंतीला चिकटून येत-जात होते. पूर्वी दोघं समोरासमोर आले की एकाने पोट आत घ्यायचं, आता एकाने बसायचं.

बाराव्या बाकड्यावर थोरली जरा जास्त वेळ बसली. गुडघा चोळला. मामांनी पुढे येऊन विचारलं, पुरे का आता? ती म्हणाली, अहो, पाहा ना खाली.

मामांनी पाहिलं. तळाकडून धाकटी वर येत होती. चार पायांची काठी पुढे टाकायची, मग एक पाय, मग दुसरा. मागे तिचा मुलगा, हातात तिची पाण्याची बाटली, तोंड उघडं. तिनेही पहिल्या बाकड्यापासून सुरुवात केली होती. पाचव्यावर बसून ती हात हलवत होती. थोरलीने हात हलवला नाही. ती उठली.

दोघी वळणावर भेटल्या. मामांनी तीन वर्षं ज्या जागेसाठी लिहिलं होतं तीच ती जागा. आधी थोरली पोचली, मग धाकटी आली, आणि दोघी त्या नवव्या बाकड्यावर शेजारी बसल्या. धाकटीने थोरलीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला.

"ताई, किती वाळलीस गं."

"तू काय कमी वाळलीस, बबडे," थोरली म्हणाली. "आणि सरक तिकडे, सगळं बाकडं अडवून बसलीस."

मग दोघी आधी हसल्या आणि मग रडल्या आणि मग पुन्हा हसल्या. फोनवर बोलून सगळं संपलेलंच होतं, त्यामुळे बोलायला काही नव्हतं. धाकटीने थोरलीचा हात आपल्या मांडीवर घेतला तो सोडलाच नाही. चढणीवर वरपासून खालपर्यंत लोक बाकड्यांवर बसलेले. मामांना इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. त्यांनी मुकादमाच्या माणसांना एकेकाला धरून दर दहा मिनिटांच्या बढतीचा विनोद सांगायला सुरुवात केली.

साहेब बाकड्यापुढे उभे होते. पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. मग हळूच म्हणाले की मावशी, तुम्ही किती वेळ बसणार आहात? थोरलीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ही उद्या सकाळी कायमची चाललीय, ती म्हणाली, तोवर तुम्हीही टेका. आणि ती थोडी सरकली, धाकटीही सरकली, आणि बाकड्याच्या टोकाला एका माणसापुरती जागा झाली. साहेब आधी संकोचले. पण एकशे छत्तीस पायऱ्या चढून त्यातल्या निम्म्या उतरलेल्या माणसाचे पायही माणसाचेच असतात. ते बसले.

बसल्यावर त्यांनी फाइल मांडीवर उघडली, पहिला अर्ज काढला आणि वळणदार अक्षरातला तो कागद शेवटपर्यंत वाचला. मग मामांना म्हणाले, "काका, इथे तर तुम्ही एकाच बाकड्याची मागणी केलीय."

"तीन वर्षांपूर्वी एक पुरलं असतं, साहेब," मामा म्हणाले. "तेव्हा ती अर्धी चढण एका दमात चढायची. आता आठ पायऱ्या चढते."

साहेबांनी थोरलीच्या नव्या चपलांकडे पाहिलं, मग वर टोकापर्यंत पाहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अर्जाच्या खाली लिहिलं, की प्रत्यक्ष पाहणी केली, मागणी सतरा बाकड्यांचीच आहे. खाली सही केली. मुकादमाने पाना पिशवीत टाकला आणि बाजाररस्त्यावर थांबलेल्या ट्रकवाल्याला हात करून जायला सांगितलं.